मोबाइलवरचा वर्ग आणि विद्यार्थ्याचा प्रश्न

रेडिओवर बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. त्यावर तोड म्हणून १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत श्रोतृमंडळे चालविली. वीसेक माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर आपसात चर्चा करीत आणि शंका केंद्राकडे लिहून धाडीत. पुढे टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पाहणीत असे दिसले, की नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा चर्चा करणाऱ्या गावांच्या ज्ञानात पुष्कळच अधिक भर पडली.

हे आज सांगायचे कारण म्हणजे मोबाइलवरचा वर्ग. २०२० साली टाळेबंदीत महाविद्यालये बंद पडली आणि मी आमच्या जालना जिल्ह्यातील मुलांना अर्थशास्त्र फोनवरून शिकवू लागलो. हमीभावाचा धडा संपवून विचारले, "समजलं का?" चाळीस जणांनी लिहिले, "होय सर." मला बरे वाटले. चाचणी घेतली, तेव्हा कळले की फारच थोड्यांना समजले होते.

वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या जाफराबाद तालुक्यातील एका मुलीने मात्र रात्री दहाला लिहिले. घरात फोन एकच, आणि तो दिवसभर वडिलांबरोबर शेतात. तिचा प्रश्न असा : "सर, लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ५८२५ रुपये आहे, हे समजलं. मग आमच्या दारात व्यापारी त्याहून कमी का देतो?"

सकाळपर्यंत मुलांनी उत्तरे लिहिली. एकाने लिहिले, खरेदी केंद्र लांब आहे, गाडीभाडे परवडत नाही. दुसऱ्याने लिहिले, ओल आठ टक्क्यांच्या वर गेली की केंद्रावर भाव कापतात, आणि बारा टक्क्यांच्या वर मालच घेत नाहीत. तिसऱ्याचे म्हणणे, उसनवारी फेडायची घाई असते. माझ्या तासाभराच्या व्याख्यानात यातले काहीच नव्हते. धडा खरा समजला तो त्या दिवशी.

टाळेबंदी उठली, पण असे वर्ग राहिले आहेत. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या २०१७ पासूनच्या अभ्यासक्रमांत व्हिडिओ, पाठ आणि चाचणी यांच्या जोडीला चर्चेलाही जागा दिलेली आहे. विद्यार्थ्यांनी ती रिकामी सोडू नये. "समजलं नाही" एवढेच लिहिले, तर शिक्षकाने काय सांगावे? कुठवर समजले आणि कुठे अडले, ते त्या मुलीप्रमाणे लिहावे. दुसऱ्याचा प्रश्न आधी वाचावा. नुसते "बरोबर आहे" न म्हणता आपल्या पाहण्यातली एखादी गोष्ट जोडावी. मत पटले नाही, तर कारण द्यावे. माणसाला नावे ठेवू नयेत.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपणही एक करावे. उत्तर देण्याची घाई करू नये. ज्या घरात फोन रात्रीच हाती येतो, त्या घरातल्या मुलासाठी प्रश्न सकाळपर्यंत उघडा ठेवावा. कदाचित वर्गातला सर्वांत चांगला प्रश्न त्याच्याच मनात असेल.