दप्तर तुमच्यासाठी बांधलेलं नाही

पुरालेखागारात पहिल्यांदा जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात एक चित्र असतं. आपण विषय सांगायचा, समोरचा माणूस कपाट उघडणार आणि त्या विषयाचे कागद काढून देणार. माझ्याही डोक्यात तेच होतं. एम.एस्सी. होईपर्यंत डेटा म्हणजे रकाने आणि ओळी, एवढंच माहीत. अठराव्या शतकातल्या पावसावर काम करायचं ठरलं तेव्हा पुण्याच्या पुरालेखागारात जाऊन मी खरंच 'पावसाचे कागद हवेत' असं सांगितलं. समोरच्या काकांनी शांतपणे विचारलं, "कोणता रुमाल?"

हा प्रश्न नीट कळायला मला काही महिने लागले. तुमचे ते महिने वाचावेत म्हणून हे लिहितेय.

रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. पुणे पुरालेखागाराला लोक आजही पेशवे दप्तर म्हणतात. १८९१ सालच्या त्या दगडी इमारतीत असे सुमारे पस्तीस हजार रुमाल आहेत आणि त्यातले बहुतेक मोडीत आहेत. पावसाचा रुमाल त्यात एकही नाही. दुष्काळाचाही नाही. म्हणजे पाऊस आणि दुष्काळ यांच्याबद्दल काही लिहिलेलं नाही असं नव्हे. भरपूर आहे, पण ते दुसऱ्याच कुठल्यातरी कामासाठी लिहिलेल्या कागदात, मधल्याच एखाद्या ओळीत.

आता ते कागद तिथे आले कसे, हे बघा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि सरकारी दप्तर इंग्रजांच्या हातात गेलं. जुना इतिहास जपावा म्हणून त्यांनी ते सांभाळलं, असं समजू नका. त्यांचा प्रश्न पैशांचा होता. कुणाला सारामाफीची जमीन आहे, कुणाला इनाम आहे, कुणाचा दावा खरा आणि कुणाचा खोटा? यासाठी इनाम कमिशन आलं, १८५२ चा अकरावा कायदा आला आणि पेशव्यांचं दप्तर हा त्या चौकशीतला मुख्य पुरावा ठरला. आज त्या खोल्यांमध्ये जी मांडणी दिसते तिच्यावर या चौकशीचा ठसा आहे. शाहू दप्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, चिटणिशी, जमाव ही नावं विषयांची नाहीत. कोणत्या कचेरीत, कोणत्या कामातून कागद तयार झाला किंवा कुठून गोळा झाला, याची ती नावं आहेत. रोजकीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची आणि हुकमांची वही. प्रांत अजमास म्हणजे प्रांतांचे वसुलाचे अंदाज आणि हिशेब.

त्यामुळे 'माझ्या विषयाचे कागद कुठे आहेत?' असं विचारून उपयोग नाही. विचारायचं ते असं: 'मला हवी असलेली गोष्ट घडली, तेव्हा कोणाला काय लिहावं लागलं असतं?'

पाऊस पडला नाही तर पहिल्यांदा कोण लिहितं? पाटील-कुळकर्णी लिहितात, कारण वसूल भरता येत नाही. मग कमाविसदार वर लिहितो. वरून सूट मिळते किंवा वसूल तहकूब होतो, आणि तो हुकूम नोंदला जातो. पाऊस फार झाला तर? मोहिमेवरचा सरदार लिहितो की नदीला उतार नाही, फौज अडली आहे. म्हणजे माझा पाऊस महसुलात आणि लष्करात आहे. तुमचा विषय रोगराई असेल, झाडं असतील, किमती असतील, तरी हाच प्रश्न विचारून बघा.

इथपर्यंत मी आले आणि मग मोठी चूक केली. ती सविस्तर सांगते, कारण विज्ञानाकडून येणारे आपण सगळे ती करतो.

मोडी धड येत नव्हती, म्हणून मी छापील खंडांपासून सुरुवात केली. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पेशवे दप्तरातून निवडलेले कागद ४५ खंडांत छापले. देवनागरीत आहेत, शोधायला सोपे. मी पावसाचे, पुराचे, टंचाईचे उल्लेख वर्षवार मोजले आणि आलेख काढला. आलेख सुंदर आला. पानिपताच्या आसपासची वर्षं उंच, मधली काही वर्षं जवळजवळ सपाट. आठवडाभर मी हवेत होते. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने आलेख बघून एवढंच विचारलं, "त्या त्या वर्षाची एकूण पत्रं किती छापली आहेत?"

ती मोजली, तर तोच आलेख पुन्हा आला.

मी मोजत होते तो पाऊस नव्हताच. सरदेशांना कोणत्या वर्षांचं राजकारण महत्त्वाचं वाटलं, ते मी मोजत होते. यात त्यांची चूक काही नाही. पस्तीस हजार रुमालांतून त्यांना आठ-नऊ हजार कागद निवडायचे होते आणि ते मराठ्यांचा राजकीय इतिहास लिहीत होते. एका खेड्यातल्या विहिरी आटल्याचा कागद त्यांनी बाजूला ठेवला असेल, तर तो योग्यच होता. नमुना कसा घेतला गेला हे न बघता मी तो यादृच्छिक धरला, चूक ती होती. प्रयोगशाळेत असं केलं असतं तर पहिल्याच सेमिनारला मार खाल्ला असता. कागद जुने दिसले की आपली ही सवय का सुटते, कोण जाणे.

त्यातला दुसरा घोटाळा जागेचा. पत्र पुण्याच्या दप्तरात सापडलं म्हणजे पाऊस पुण्यात पडला असं नाही. फौज उत्तरेत असेल तर पूर यमुनेचा किंवा चंबळेचा असतो. पत्र कुठून लिहिलं ते प्रत्येक वेळी शोधावं लागतं, आणि अनेकदा मुक्कामाचं नाव मिळतच नाही. अशी पत्रं मी आता मोजणीत घेत नाही. हात जड होतो, पण घेत नाही.

मग मूळ महसुली कागदांकडे वळले. तिथे वेगळाच सापळा होता. सूट दिलेली दिसली की मी 'दुष्काळ' लिहून मोकळी होत होते. पण सूट पाऊस गेल्यामुळेच मिळते असं कुठे आहे? फौज शेतातून गेली तरी सूट मिळते. याचं सगळ्यात ठळक उदाहरण १८०२ ते १८०४ चं. यशवंतराव होळकरांच्या फौजा आणि पेंढारी यांनी १८०२ मध्ये दख्खनमधली उभी पिकं आणि साठे लुटले, त्यावर पुढच्या वर्षी पाऊसही गेला. लोकांच्या लेखी ती एकच आपत्ती होती. हवामानाच्या यादीत मात्र 'दुष्काळ, १८०२' असं लिहिलंत, तर तुम्ही एका लढाईला मान्सून ठरवलंत. १७९१-९२ चा कवटीचा दुष्काळ, ज्याला दोजी बारा म्हणतात, तो वेगळ्या जातीचा. तो फार मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी दिसतो, म्हणून तिथे पावसाकडे बोट दाखवायला आधार मिळतो. पण हा फरक कागदातल्या 'सूट' या शब्दात नसतो. कारण वाचावं लागतं, आणि कारण दिलेलं नसेल तर नोंद 'अनिश्चित' या रकान्यात टाकावी लागते. माझा तो रकाना सगळ्यात मोठा आहे.

दुष्काळांच्या तयार याद्याही मिळतात, त्यांच्याबद्दल सावध राहा. इनाम चौकशीच्या खात्यातले कर्नल एथरिज यांनी १८६८ मध्ये मुंबई इलाख्यातल्या जुन्या दुष्काळांवर एक अहवाल तयार केला. पुढे जिल्हा गॅझेटियरांनी तो वापरला, नंतरच्या पुस्तकांनी गॅझेटियर वापरले आणि आता लेखांमध्ये ती पुस्तकं संदर्भ म्हणून येतात. एकच दुष्काळ चार ठिकाणी सापडला म्हणून आपण खूश होतो. उलट वाचत मागे गेलात तर चारही वाटा बऱ्याचदा १८६८ च्या त्याच पानावर येतात. चार निरीक्षणं नव्हेत ती, एकच आहे.

आता तारखा. हे कंटाळवाणं वाटेल, पण मान्सूनच्या आगमनाचा अभ्यास करायचा तर दहा दिवसांची चूक म्हणजे सगळंच गेलं. मराठी कागदात बहुतेक वेळा सुहूर सन असतो आणि तो अरबी संख्याशब्दांत लिहितात. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे तीन, सत्तर, शंभर, हजार. झाले ११७३. त्यात ५९९ मिळवले की १७७२. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखांसाठी ६०० मिळवायचे. कारण हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा, जूनच्या सुरुवातीला, बदलतं. पावसावर काम करणाऱ्याला याहून छान कॅलेंडर कुठलं मिळणार! पण पुढे 'छ' लिहून जी तारीख येते ती हिजरी महिन्यातली, चंद्राची. आणि हिजरी महिना ऋतू धरून चालत नाही, दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. १७७२ मध्ये रजब सप्टेंबरच्या शेवटी सुरू झाला, १७८८ मध्ये एप्रिलमध्ये. महिन्याचं नाव बघून ऋतूचा अंदाज बांधू नका, प्रत्येक तारीख जंत्रीतून काढा. इंग्रजांचे कागद जोडीला घेणार असाल तर लक्षात ठेवा, १७५२ पर्यंत ते जुन्या ज्युलियन पंचांगाने लिहीत होते. अठराव्या शतकातल्या त्यांच्या तारखा तोवर आजच्या पद्धतीच्या ११ दिवस मागे आहेत. गोव्याचे पोर्तुगीज मात्र १५८० च्या दशकातच नव्या पद्धतीवर गेले होते. त्यामुळे एकाच पावसाची मुंबईची नोंद आणि गोव्याची नोंद शेजारी ठेवली, तर मान्सून उलटा चालल्यासारखा दिसू शकतो.

गोव्याचा विषय निघाला म्हणून सांगते. पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते. तिथल्या लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या मालिकेचं नावच मुळी 'मान्सूनच्या वह्या' असं आहे. नाव वाचून मी उडाले होते! पण त्यांचा पावसाशी थेट संबंध नाही. जहाजं मोसमी वाऱ्यांवर यायची-जायची, त्या फेरीबरोबरची पत्रं म्हणून ते नाव. पुन्हा तेच: कागद ज्या कामाचा, त्या कामाचं नाव.

खासगी दप्तरांचं गणित निराळं. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांमधले कागद गोळा करत होते. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं आणि राजवाड्यांच्या मृत्यूनंतर धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ झालं. अशा ठिकाणी कागद घराण्यांनुसार मिळतात. ज्या घराचा माळा गळला नाही, ज्या घराने वाटणीत पेटी फोडली नाही, त्या घराचा कागद उरला. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही मोडी कागद आहेत, हे आपल्याकडच्या बऱ्याच विद्यार्थ्यांना माहीत नसतं.

मोडीला घाबरू नका. शिरोरेघ आधी ओढून त्याखाली सलग लिहिलेलं असतं, शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. त्यात 'पाा' म्हणजे कुठे परगणा तर कुठे पाठवले. पुराभिलेख संचालनालयाचे आणि काही संस्थांचे मोडीचे वर्ग असतात. वर्गाने अक्षरं येतात, वाचन मात्र रोज एक पान काढल्यानेच येतं. रसायनशास्त्रवाल्यांना गंमत वाटेल अशी एक गोष्ट: अठराव्या शतकातला कागद कधीकधी एकोणिसाव्या शतकातल्यापेक्षा धडधाकट असतो. जुनी शाई काजळीची, म्हणजे कार्बन. ती उजेडाने फिकी पडत नाही आणि कागद खात नाही. नंतरच्या लोहयुक्त आम्लधर्मी शाईने आणि लाकडाच्या लगद्याच्या कागदाने स्वतःचीच वाट लावली. काजळीचा शत्रू पाणी. म्हणून ओला हात, घामेजलेलं बोट कागदावर नको.

पहिल्या दिवशी मार्गदर्शकांचं पत्र, ओळखपत्र आणि शिसपेन्सिल न्या. पेन बाहेरच ठेवा. रुमाल उघडला की आतल्या कागदांचा क्रम बदलू नका, तो क्रमही माहिती असतो. टिपणाच्या प्रत्येक ओळीपुढे विभाग आणि रुमाल क्रमांक त्याच क्षणी लिहा. 'नंतर लिहू' म्हणून सोडलेली माझी सतरा पानं आज बेवारस आहेत. आणि ज्या रुमालात काहीच सापडलं नाही, त्याचा क्रमांक, त्यातली वर्षं आणि किती कागद बघितले तेही लिहून ठेवा. माझ्या वहीत ही यादी मागच्या पानापासून उलटी सुरू होते आणि सध्या ती पुढच्या यादीपेक्षा लांब आहे. भागाकार करताना छेद तिथूनच मिळतो.