सह्याद्रीच्या कड्यातल्या आडव्या रेघा

परवा कोकणकड्यावर एका मुलीने विचारलं, "ताई, कड्यात या आडव्या रेघा कशाच्या?"

लाव्हाच्या थरांच्या! सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपली भारतीय प्लेट, आज रियुनियन बेट आहे त्या भागातल्या अतितप्त प्रावरणावरून सरकत होती. वर येणारा खडक दाब कमी झाल्याने वितळला आणि जमिनीच्या भेगांतून पुन्हा पुन्हा वाहिला. थिजून काळा बेसाल्ट झाला.

हिमालय प्लेटांच्या टकरीतून उभा राहिला, सह्याद्री तसा नाही.

मला सगळ्यात प्रिय आहेत त्या लाव्हातल्या वायूच्या पोकळ्या. पुढे त्यांत पाणी झिरपलं, खनिजं साचली आणि स्टिल्बाइट, अपोफिलाइटचे देखणे स्फटिक वाढले. पुणे-नाशिककडचे असे स्फटिक जगभरातल्या संग्रहालयांत आहेत.

तुमच्याकडच्या खडकांचे फोटो टाका, काहीही विचारा!