परसबागेतली उमेदवारी

सेंद्रिय परसबाग शिकायला निघालेल्याची उमेदवारी मृगात सुरू होते आणि थंडी सरता सरता संपते. भाजी पिकवणे हा तिचा अर्धाच भाग. पुढच्या वर्षाचे बी घरात राखता आले, तरच नवखा शिकला असे धरावे. अहिल्यानगर जिल्ह्यात याचा वस्तुपाठ अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी मिळतो. शाळेत न गेलेल्या राहीबाई सोमा पोपेरे यांनी तिथे गावठी वाणांचे बी जमवले आणि 'बायफ' संस्थेच्या साथीने बियाणे बँक उभी केली. 'बीजमाता' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राहीबाईंना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

सुरुवात जमिनीपासून. शेणखत पूर्ण कुजलेले हवे. अर्धवट कुजलेल्या शेणात हुमणी वाढते आणि मुळे कुरतडते. घाटघर, रतनवाडीकडे पाऊस असा कोसळतो की वाफे उंच करून पाण्याला वाट द्यावी लागते. पाथर्डी, जामखेडकडे नेमके उलटे: तिथे पालापाचोळ्याचे आच्छादन आणि न्हाणीचे पाणी यांवरच बाग तगते, फक्त त्या पाण्यात साबण बेताचा असावा.

जीवामृत लहान बागेपुरते करायला 20 लिटर पाण्यात 1 किलो देशी गाईचे शेण, 1 लिटर गोमूत्र, 200 ग्रॅम गूळ, तेवढेच बेसन आणि बांधावरची मूठभर माती कालवतात. सावलीत ठेवून रोज दोनदा ढवळले की दोन-तीन दिवसांत ते वापरता येते. मावा दिसल्यास 50 ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावी. किडीचा मागमूस नसताना फवारत बसण्यात अर्थ नाही; ढालकिडे मावा खातात, त्यांनाही थोडी सवड द्यावी.

बी राखण्यासाठी पहिल्या वर्षी वाल किंवा घेवडा निवडावा. यांचे परागीकरण बहुधा फुलातल्या फुलात होते, त्यामुळे वाण सहसा भेसळत नाही. दुधी भोपळ्याचे तसे नाही. शेजारच्या वेलाचे पराग मधमाश्यांनी, पतंगांनी आणले की पुढच्या साली फळ भलतेच निघते.

गावठी वालाला दिवस लहान झाल्यावरच फूल येते. जूनमध्ये लावलेला वेल पावसाळाभर नुसता मांडव झाकतो, आणि उतावळा माणूस खत जास्त घालून पानेच वाढवतो. वेल निरोगी आणि शेंगा भरदार असतील, तर त्यांतल्या काही खाण्यासाठी न तोडता वेलावरच वाळू द्याव्यात. बी दाताखाली कडकन फुटले की ते वाळले. मग राखेत घोळून, गाडग्यात भरून तोंड लिंपून टाकतात. पेरणीआधी 10 बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहाव्यात. आठ-नऊ मोडावल्या तर बी चांगले, पाच-सहाच मोडावल्या तर प्रत्येक आळ्यात दोन-तीन बिया जास्त टाकाव्यात.