तीन वर्षांच्या मुलाला झेंडा कळतो का?

दोन मुले शेजारी शेजारी उभी आहेत अशी कल्पना करा. दोघेही गोरे, दोघांची भाषा इंग्रजी, दोघेही ख्रिस्ती. तुम्हा-आम्हाला त्यांच्यात काही फरक सांगता यायचा नाही. पण ही मुले उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरातली असतील, तर ती बहुधा वेगवेगळ्या शाळांत जातील, वेगवेगळ्या फुटबॉल संघांचे सदरे घालतील आणि कदाचित त्यांच्या घरांच्या मधून एक उंच भिंतही गेलेली असेल. एक कॅथलिक आहे, दुसरा प्रॉटेस्टंट.

आता ही भिंत कशासाठी, ते थोडक्यात सांगतो. १९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली आणि उत्तरेकडचा भाग ब्रिटनकडे राहिला. तिथल्या बहुतेक प्रॉटेस्टंटांना ब्रिटनमध्येच राहायचे होते, तर बहुतेक कॅथलिकांना उरलेल्या आयर्लंडशी एक व्हायचे होते. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दंगली पेटल्या. १९९८ साली करार होईपर्यंतच्या तीस वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक माणसे बळी गेली. वस्त्यांमधल्या या भिंती १९६९ पासून उभ्या राहू लागल्या. काही वस्त्यांत पदपथाच्या कडेचे दगडसुद्धा रंगवलेले असतात. इकडे लाल-पांढरा-निळा, तिकडे हिरवा-पांढरा-नारिंगी!

हे सगळे मोठ्या माणसांचे झाले. लहान मुलांचे काय? मुले म्हणजे देवाघरची फुले, त्यांना यातले काय कळणार, असे तुम्हाला वाटेल. तिथल्या पुष्कळ आईबापांना आणि शिक्षकांनाही तसेच वाटत होते. पॉल कॉनोली या संशोधकाने मात्र नुसत्या वाटण्यावर न थांबता मुलांनाच विचारायचे ठरवले.

आता तीन वर्षांच्या मुलाला प्रश्नपत्रिका कशी द्यायची? कॉनोली व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना झेंडे, फुटबॉलचे सदरे, मिरवणुकीची चित्रे अशा ओळखीच्या वस्तू दाखवल्या आणि हे काय आहे, यातले तुला काय आवडते, अशा साध्या गप्पा मारल्या. तीन ते सहा वर्षांच्या ३५२ मुलांशी बोलून झाल्यावर २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षीच काही मुलांचा कल आपल्या समाजाच्या झेंड्याकडे झुकू लागला होता. सहाव्या वर्षापर्यंत सुमारे एकतृतीयांश मुले स्वतःला एका गटातले समजू लागली होती, आणि सुमारे १५ टक्के मुले दुसऱ्या गटाबद्दल वाईट बोलत होती.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कॅथलिक म्हणजे काय, प्रॉटेस्टंट म्हणजे काय, हे या सर्वांत लहान मुलांपैकी बहुतेकांना ठाऊक नव्हते. म्हणजे आवडनिवड आधी आली, अर्थ मागून!

असे का होते? लहान मुलाचे मन सतत वर्गवारी करत असते. चमचे इथे, वाट्या तिथे. हा कुत्रा, ती मांजर. माणसांनाही ते अशाच खणांत घालते. पण कोणता फरक महत्त्वाचा मानायचा, हे त्याला मोठ्यांकडून कळते. अमेरिकेत रेबेका बिगलर यांनी याचा एक सुंदर प्रयोग केला. तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. उन्हाळी शाळेतल्या मुलांना त्यांनी निळे आणि पिवळे सदरे दिले. काही वर्गांत शिक्षकांनी मुलांना रंगाप्रमाणे बसवले, रंगाप्रमाणे रांगा लावल्या. कोणत्याही रंगाला चांगले-वाईट म्हटले नाही, सर्वांना सारखेच वागवले. तरी काही आठवड्यांत मुलांना आपल्याच रंगाची मुले अधिक चांगली वाटू लागली. दुसऱ्या वर्गांत सदरे तेच होते, पण शिक्षकांनी रंगांकडे लक्षच दिले नाही. तिथे असा पक्षपात दिसला नाही.

मग तुम्ही म्हणाल, उपाय सोपा आहे. बेलफास्टच्या बालवाडीतही या फरकाचा उल्लेखच करू नये! इथेच फसगत होते. प्रयोगातले रंग शाळेच्या दाराबाहेर कोणाच्या खिजगणतीत नव्हते. बेलफास्टमध्ये बाई गप्प राहिल्या, तरी रस्त्यावरचा दगड बोलतो, भिंत बोलते, घरातली कुजबुज बोलते. अशा ठिकाणी मोठ्यांच्या गप्प बसण्यातून मूल एवढेच शिकते की, ही गोष्ट भयंकर आहे, तिच्याबद्दल विचारायचे नसते.

म्हणून तिथे उलटा मार्ग धरला गेला. २००४ साली बालवाड्यांसाठी जेमतेम मिनिटभराची काही व्यंगचित्रे तयार झाली आणि ती दूरचित्रवाणीवरही दाखवली गेली. बागेत मुले खेळताहेत. त्यांच्यातला एक जण वेगळा आहे म्हणून बाजूला पडतो आणि मग खेळात घेतला जातो, अशा त्या गोष्टी. कधी फरक कातडीच्या रंगाचा, कधी अपंगत्वाचा, कधी पंथाचा. बालवाडीत शिक्षिका बाहुल्या घेऊन तेच प्रसंग पुढे रंगवत. एकटे पडलेल्याचा चेहरा कसा दिसतो, त्याला काय वाटत असेल, यावर मुलांना बोलते करत. मला यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती ही, की शिक्षिकांना आधी स्वतःचे प्रशिक्षण घ्यावे लागे. त्याही त्याच भिंतींच्या सावलीत वाढलेल्या होत्या ना!

पण उपाय चांगला वाटला म्हणजे तो लागू पडतोच असे नाही. म्हणून सत्तरहून अधिक बालवाड्या घेऊन चाचणी झाली. कोणाला कार्यक्रम मिळावा आणि कोणी नेहमीसारखे चालावे, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दैवावर सोडले होते. औषधांची चाचणी घेतात ना, तशीच ही पद्धत. आपल्या मर्जीने बालवाड्या निवडल्या, तर मुळातच चांगल्या चालणाऱ्या तेवढ्या एका बाजूला जमायच्या! हजारांवर मुलांची आधी व नंतर तपासणी झाली. कार्यक्रम मिळालेली मुले वगळलेल्या मुलाची भावना अधिक ओळखू लागली आणि वेगळ्या मुलाला खेळात घ्यायला अधिक तयार झाली. फरक फार मोठा नव्हता, पण मोजता येण्याजोगा होता.

पहिल्या वर्षी ती व्यंगचित्रे पाहिलेली मुले आता विशी ओलांडून गेली आहेत. सगळ्या भिंती २०२३ पर्यंत पाडायच्या, असे तिथल्या सरकारने २०१३ साली जाहीर केले होते. ती मुदत उलटून गेली. पुष्कळ भिंती अजून उभ्या आहेत, आणि त्यांतली काही फाटके रोज रात्री बंद होतात.