टेबल आहे का टेबल?

सुट्टीत परगावी खोली ठरवताना आपण काय विचारतो? पंखा आहे का, नळाला पाणी येतं का, समुद्र किती लांब! पण लॅपटॉपवरची नोकरी सोबत घेऊन हिंडणारी माणसंही असतात, बरं का! त्यांच्यासाठी बुकिंगची वेबसाइट बनवायची, तर आधी त्यांचे प्रश्न सुचायला हवेत.

पोर्तुगालच्या मदेरा बेटावर पोन्ता दो सोल नावाचं गाव आहे. २०२१ मध्ये तिथं अशा भटक्यांसाठी खास सोय झाली. समजा, पुण्याच्या ऑफिसातली एक ताई हिवाळ्यात तिथं गेली. खिडकीबाहेर निळा समुद्र! पण ऑफिसची मीटिंग सकाळी १० वाजता, आणि भारताचं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेपाच तास पुढे. म्हणजे ताईकडे पहाटेचे साडेचार! त्यात खोलीत टेबल नाही, इंटरनेट गोगलगायीच्या चालीनं. मग नोकरीच धोक्यात की!

म्हणून नुसते सुंदर फोटो पुरत नाहीत. एअरबीएनबी कंपनीनं २०२१ मध्ये घरमालकांना इंटरनेटचा वेग मोजून दाखवायची सोय दिली. ‘वेगवान’ असं कुणीही लिहील. मोजलेला आकडा पाहिला की पाहुण्याला भरवसा वाटतो.

आता तुम्हीच कागदावर वेबसाइटचं पान आखा. पहिली चौकट टेबल-खुर्चीची, दुसरी इंटरनेटच्या वेगाची, तिसरीत दोन घड्याळं : मुक्कामाचं आणि ऑफिसचं. चौथी मात्र रिकामी ठेवा. घरून काम करणाऱ्या एखाद्या मामाला किंवा मावशीला विचारा, ‘तुला काय लागेल?’ उत्तर आलं, की मगच ती भरा!