दावा लावा, पण आधी अनामत ठेवा!

लवळ्याच्या डोंगरावर कधी चक्कर मारलीत? इकडे सिम्बायोसिस, तिकडे फ्लेम युनिव्हर्सिटी आणि कॅन्टीनच्या टेबलांवर शिजणारे स्टार्टअपचे प्लॅन! यातली एखादी मुलगी उद्या भन्नाट यंत्र बनवेल आणि परवा एखादी परदेशी कंपनी 'हे आमचं पेटंट' म्हणत तिला कोर्टात खेचेल. केस ती जिंकली, तरी वकिलाच्या फीचं काय? समोरची पार्टी तर विमानात बसून भुर्र!

डोन्ट वरी! 1908च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 25 आहे. वादी भारताबाहेर राहतो आणि इथे त्याची पुरेशी स्थावर मालमत्ता नाही, असं दिसलं की प्रतिवादीच्या खर्चापोटी अनामत ठेवायला कोर्ट त्याला सांगू शकतं. मुदतीत ठेवली नाही? दावा फेटाळला जाऊ शकतो. खेळ खल्लास!

आता गंमत बघा. समजा वादी आहे न्यू जर्सीतला मराठी संशोधक आणि लवळ्यात त्याच्या नावावर ऐसपैस बंगला आहे. तर हा नियम त्याला सहसा लागू होत नाही. म्हणजे पेटंटच्या हायटेक केसमध्ये हुकमाचा एक्का कोण? आपला सातबारा!

माहीत आहे का? आपल्या महाराष्ट्राने या आदेशात स्वतःची खास फोडणी घातली आहे. दाव्याला पैसा तिसराच कोणी पुरवत असेल, तर कोर्ट त्या फायनान्सरलाच पक्षकार करून त्याच्याकडून अनामत मागू शकतं. पडद्यामागचा प्रोड्युसर थेट स्टेजवर! 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ए. के. बालाजी प्रकरणात या तरतुदीची दखल घेतली. मला विचाराल तर अख्ख्या आदेश 25 मधला हा सगळ्यात झकास नियम.

पेटंट ऑफिसही मागे नाही हं. पेटंट कायद्याचं कलम 150 म्हणतं, पेटंटला विरोध नोंदवणारा भारतात राहत नसेल, धंदाही करत नसेल, तर कंट्रोलर त्याच्याकडून अनामत मागू शकतात. नाही दिली, तर विरोध सोडून दिला असं धरता येतं. पुणेकरांसाठी हे ऑफिस मुंबईत, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात.

आणि केस लवळ्यात उगवली तर? दावा पुण्याच्या जिल्हा न्यायालयात. पण प्रतिवादीने 'तुमचं पेटंटच रद्द करा' असा उलटा दावा ठोकला, की सगळं प्रकरण एक्स्प्रेसवेने मुंबई उच्च न्यायालयात!

सुरुवातीच्या फ्लेम युनिव्हर्सिटीवरून आठवलं! पुण्याच्या बजाज ऑटोने 2007 मध्ये टीव्हीएसच्या ज्या बाइकवरून पेटंटची लढाई छेडली, तिचं नाव काय होतं? फ्लेम! ठिणगीही अगदी शब्दशः स्पार्क प्लगची. एका सिलिंडरला दोन प्लग, हे बजाजचं डीटीएस-आय तंत्र. मामला मद्रास उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2009 मध्ये तिथून फर्मान निघालं, की असे दावे रोजच्या रोज चालवा आणि शक्यतो चार महिन्यांत निकाल द्या. प्रत्यक्षात फ्लेम विझली 2019 मध्ये, समझोत्याने. बारा वर्षं! वकिलांची बिलं इमॅजिन करा. दोन्ही कंपन्या देशातल्याच, त्यामुळे परदेशी वादीचा प्रश्न तिथे नव्हताच.

युरोपात तर आकडे ऐकूनच घाम फुटेल. 1 जून 2023 ला सुरू झालेल्या युनिफाइड पेटंट कोर्टात दाव्याची किंमत 5 कोटी युरोंच्या वर असेल, तर हरणाऱ्याकडून वसूल होणाऱ्या वकील-खर्चाची मर्यादा साधारण 20 लाख युरो! म्हणून तिथेही प्रतिवादी आधी अनामत मागू शकतो. 2024 च्या युरो कपच्या ऑफसाइड तंत्रावरून बालिनो कंपनी फुटबॉल संघटना यूएफाशी भिडली, तेव्हाही अनामतीचा मुद्दा निघालाच.

तेव्हा लवळेकर इनोव्हेटर्स, परदेशातून नोटीस आली तर घाबरून सेटलमेंटवर सही करू नका. पहिल्याच मीटिंगला वकिलांना विचारा, 'आदेश 25 खाली अर्ज टाकायचा का?'