उलगड्यानंतर काय उरतं?

पन्नासच्या दशकातल्या चित्रपटांमधल्या उडत्या तबकड्या आणि किरणोत्सर्गाने फुगलेले किडे यांच्यापाशी मी रेंगाळणार नाही. तिथे रहस्य तोफगोळ्यांनी संपतं. विज्ञानपटाला शेवटाची खरी ताकद कळली ती १९६८ मध्ये, कुब्रिकच्या '२००१: अ स्पेस ओडिसी'त. त्यातली गूढ काळी शिळा कोणी ठेवली हे तो सांगत नाही. पण यानाचं फिरणं, अवकाशातली शांतता मात्र चोख नियमांत बसवतो. त्याच्या पुढच्या भागात, '२०१०' (१९८४) मध्ये, यानावरचा हाल संगणक का बिघडला याचंही कारण मिळालं. चित्रपट नीटनेटका झाला, दरारा ओसरला. स्पीलबर्गच्या 'क्लोज एन्काउंटर्स'चंही (१९७७) तेच. १९८० च्या आवृत्तीत परग्रहवासीयांच्या यानाचा अंतर्भाग दाखवला गेला. १९९८ मध्ये स्पीलबर्गनेच तो भाग काढून टाकला.

आमच्या तरुणपणी असे चित्रपट बघायला वर्ध्याहून नागपूर गाठावं लागे आणि परतीच्या गाडीत वाद रंगत. मराठी विज्ञानकथा म्हणजे फळ्यावरचा तास, तिच्यातून चित्रपट होणे नाही, असं तेव्हा काही जण ठासून सांगत. आजही सांगतात. मला ते कधीच पटलं नाही.

त्यांनी जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' पुन्हा वाचावी. अपघातानंतर इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा मुंबईत पोचतात, जिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे. का? कारण तिथल्या पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, कानाजवळून निघून गेली आणि इतिहासाची वाट बदलली. आपल्या जगात परतल्यावर मित्र राजेंद्र क्षुल्लक बदलातून मोठी उलथापालथ कशी होते हे सांगणारी कॅटास्ट्रॉफी थिअरी आणि पुंजसिद्धांत समजावतो. त्या जगातल्या बखरीचं फाटकं पान पुरावा म्हणून समोर असतं. पण हा प्रवास गंगाधरपंतांच्याच वाट्याला का आला, या प्रश्नाशी तो थांबतो. विज्ञानाला याचं उत्तर अजून माहीत नाही, हे मान्य करून फक्त तर्क मांडतो. मला हवा तो शेवट हाच. नियम उघडे ठेवायचे, ज्ञान संपतं ती रेघ दाखवायची आणि प्रेक्षकाला त्या रेघेवर उभं करायचं. नियमच लपवून ठेवले तर ती फसवणूक. रेघ पुसून टाकली तर ती बढाई.

आमच्या वर्ध्याजवळच्या पवनारला विनोबा सांगत की यापुढचे दिवस विज्ञानाचे आणि अध्यात्माचे. त्या मातीत वाढलेल्या माणसाला उकल आणि विस्मय एकमेकांचे वैरी वाटत नाहीत. आरती कडव यांच्या 'कार्गो'त (२०१९) तो समतोल मला दिसला. पुष्पक यानावर राक्षस मेलेल्यांना पुनर्जन्मासाठी तयार करतात. कामाची पद्धत बारकाईने कळते, मृत्यूचं गूढ मात्र अबाधित राहतं.

हल्ली चित्रपट संपतो न संपतो तोच मोबाइलवर 'शेवटाचा अर्थ' हजर होतो. निर्मातेही पुढच्या भागाचं आमिष म्हणून धागा लोंबता ठेवतात आणि त्यालाच रहस्य म्हणतात. याने प्रेक्षकाची विचार करायची सवय मोडते, ही माझी खरी तक्रार. यावर उतारा म्हणून एक सुचवतो. २०१९ मध्ये 'पानिपत' हा चित्रपट भव्य पडद्यावर आला. आता कुणीतरी गंगाधरपंतांचं पानिपत आणावं, आणि राजेंद्रची कबुली जशीच्या तशी ठेवावी.